घरी बसवलं

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे शहराच्या पूर्व भागात एका चर्चच्या हॉलमध्ये शनिवारी सकाळी कामगारांसाठी मोफत कायदेविषयक सल्ला मिळतो. मी कोपऱ्यात लॅपटॉप उघडून बसलो होतो. समोर पन्नाशीचा एक गृहस्थ होता, बांधकामावर प्लास्टरचं काम करणारा. मीच बनवलेल्या फॉर्ममध्ये तो आपली माहिती भरत होता. 'नोकरीची स्थिती' या रकान्यात त्याने स्पॅनिशमध्ये लिहिलं, 'मे देस्कान्सारोन'. माझ्या प्रोग्रामने ते यंत्र-भाषांतराला पाठवलं आणि क्षणात उत्तर आलं: 'त्यांनी मला विश्रांती दिली.' त्यावरून पुढचा रकाना आपोआप भरला गेला: नोकरी चालू, सध्या सुट्टीवर.

वकीलबाईंनी छापलेला कागद हातात घेतला, वाचला आणि आधी हसल्या. मग मला म्हणाल्या, "अरे, याला कामावरून काढलंय."

मेक्सिकोहून आलेल्या कामगारांच्या बोलीत 'देस्कान्सार' म्हणजे नुसतं विश्रांती देणं नाही. मुकादम संध्याकाळी सांगतो, उद्यापासून येऊ नकोस. घरी येऊन माणूस बायकोला सांगतो, 'मे देस्कान्सारोन'. शब्दशः घ्याल तर विश्रांती. अर्थ, नोकरी गेली.

मी जागच्या जागी थांबलो, कारण हे वाक्य मी आधी ऐकलेलं होतं. स्पॅनिशमध्ये नाही, मराठीत, आणि तेही वडोदऱ्याला आमच्या दांडिया बाजारातल्या घरी. आजी आजोबांबद्दल सांगायची, "मिलवाल्यांनी ह्यांना घरी बसवलं." आता हे वाक्य एखाद्या यंत्राला द्या. ते म्हणेल, त्यांनी त्यांना घरात आसन दिलं!

एका रकान्याची किंमत

तुम्ही म्हणाल, एक शब्द चुकला तर एवढं काय बिघडलं? मलाही तसंच वाटलं होतं. बाईंनी पेन काढलं आणि माझ्यासमोर हिशेब मांडला.

कॅलिफोर्नियाच्या कायद्यानुसार मालकाने कामगाराला काढलं, तर त्याचा शेवटचा पगार त्याच दिवशी हातात द्यावा लागतो. मालकाने जाणूनबुजून तो दिला नाही, तर उशिराच्या प्रत्येक दिवसाला एका दिवसाचा पगार दंड म्हणून चढतो, जास्तीत जास्त ३० दिवसांपर्यंत. हा दंड सरकारला नव्हे, कामगाराला मिळतो. त्या गृहस्थाला तासाला २५ डॉलर आणि रोज ८ तास, म्हणजे दिवसाला २०० डॉलर मिळत. ३० दिवसांचे झाले ६,००० डॉलर. 'सुट्टीवर' असलेल्या माणसाला यातलं काही मागता येत नाही, कारण त्याला कोणी काढलेलंच नसतं.

माझ्या फॉर्ममध्ये कोडची एकही चूक नव्हती. सगळ्या चाचण्या पास झाल्या होत्या. तरीही तो फॉर्म एका माणसाचे सहा हजार डॉलर गिळायला निघाला होता.

त्या दिवसापर्यंत मी स्वतःला तिथला तज्ज्ञ समजत होतो. एम. एस. युनिव्हर्सिटीतून बी. ई., दहा वर्षांचा अनुभव, आणि वर हे समाजकार्य. त्यानंतर मात्र मी गप्प बसून ऐकायला लागलो.

'लिसेन्सियादा'

बाईंचं नाव मी लिहीत नाही, कारण त्यांना ते नको आहे. त्या नोकरीविषयक कायद्याच्या वकील आहेत आणि त्यांचे जवळजवळ सगळे पक्षकार स्पॅनिश बोलणारे: हॉटेलांतले भांडी घासणारे, खोल्या साफ करणाऱ्या बायका, माळी, छपरं घालणारे, शेतमजूर. लोक त्यांना नावाने हाक मारत नाहीत, 'लिसेन्सियादा' म्हणतात. मेक्सिकोत शिकलेल्या माणसाला, त्यातही वकिलाला, असं म्हणायची पद्धत आहे. आपल्याकडे 'वकीलसाहेब' म्हणतात तसं. आणि त्यासुद्धा समोरच्या झाडूवाल्या आजोबांना 'उस्तेद' म्हणतात, 'तू' नाही. इंग्रजीत सगळे एकाच 'यू'मध्ये येतात. स्पॅनिशमध्ये आपल्यासारखाच 'तू' आणि 'तुम्ही'चा फरक आहे. बाई म्हणतात, "वर्षभर ज्याला मुकादमाने अरे-तुरे केलंय, त्याला पहिल्या वाक्यात मान मिळाला की तो खरं बोलायला लागतो."

दुभाषा बसवून हे काम होणार नाही का, असं मी एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, "दुभाषा शब्द आणतो. माणूस जिथे थांबला, ते तो आणत नाही." नंतर मला ते दिसायला लागलं. 'तिथे जेवणाची सुट्टी मिळायची का?' असं विचारलं की बहुतेकजण 'हो' म्हणतात. कारण त्यांच्या हिशेबाने उभ्या उभ्या चार घास खाल्ले म्हणजे सुट्टी मिळाली. बाई तसं विचारतच नाहीत. त्या विचारतात, "जेवताना तुम्ही कुठे बसायचात?" समोरची बाई विचार करते आणि म्हणते, "बसायचे नाही." कायदा म्हणतो, पाच तासांपेक्षा जास्त काम असेल तर पाचवा तास संपायच्या आत ३० मिनिटांची पूर्ण मोकळी सुट्टी मिळाली पाहिजे. न मिळाल्यास त्या दिवसाचा एक तासाचा जादा पगार.

फसवणूकही भाषेच्याच फटीतून होते. मेक्सिकोत 'नोतारियो पुब्लिको' हा फार मोठा, परीक्षा देऊन नेमलेला कायदेपंडित असतो. अमेरिकेतला 'नोटरी पब्लिक' फक्त सही खरी असल्याचा शिक्का मारतो. आपल्याकडे कोर्टाबाहेर बसणारा नोटरी निदान वकील तरी असतो, तिथे तेवढंही लागत नाही. काही लबाड लोक दुकानावर 'नोतारियो' अशी पाटी लावतात आणि भोळी माणसं आयुष्याची कमाई त्यांच्या हातात ठेवतात. हे इतकं वाढलं की 'नोटरी पब्लिक' या शब्दांचं स्पॅनिशमध्ये शब्दशः भाषांतर करून जाहिरात करायला कॅलिफोर्नियात कायद्याने बंदी आहे. भाषांतर करणं हाच गुन्हा, असं मी दुसरीकडे कुठे ऐकलेलं नाही.

आणि स्पॅनिश आली म्हणजे सगळं आलं असंही नाही. मेक्सिकोच्या ओआहाका भागातून येणाऱ्या पुष्कळ मजुरांची घरची भाषा मिश्तेको, सापोतेको किंवा त्रिकी असते. स्पॅनिश त्यांना बाजारापुरती येते. अशा वेळी बाई स्पॅनिशमध्ये विचारतात, दुसरा कोणी ते मिश्तेकोत विचारतो आणि उत्तर त्याच वाटेने परत येतं. वेळ दुप्पट लागतो. बाई घाई करत नाहीत.

कागदपत्रं नसली तर?

तिथे येणाऱ्या अनेकांच्या मनात पहिला प्रश्न पगाराचा नसतोच. तक्रार केली तर मालक इमिग्रेशनवाल्यांना कळवेल का, हा असतो. माझी समजूत होती की ज्याच्याकडे कागदपत्रं नाहीत, त्याला हक्कही नाहीत. ती चुकीची निघाली.

यातला एक महत्त्वाचा निकाल ज्या माणसामुळे लागला, त्याचं आडनाव वाचून वडोदऱ्याची मंडळी चमकतील: पटेल. भारतातून १९८२ साली व्हिजिटर व्हिसावर गेलेला, मुदत संपल्यावर तिथेच राहिलेला आणि अलाबामातल्या बर्मिंगहॅम शहरात एका मोटेलमध्ये देखभालीची कामं करणारा माणूस. किमान वेतन आणि ओव्हरटाइम मिळाला नाही म्हणून त्याने दावा लावला. खालच्या कोर्टाने नाही म्हटलं. १९८८ साली अपील कोर्टाने 'पटेल विरुद्ध क्वालिटी इन साउथ' या खटल्यात सांगितलं की १९३८ चा वेतन कायदा अशा कामगारांनाही लागू आहे. कोर्टाचं म्हणणं साधं होतं. या लोकांना कमी पैसे देण्याची मुभा दिली, तर मालक मुद्दाम यांनाच ठेवतील.

बाई लगेच दुसरी बाजूही सांगतात. २००२ साली सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवलं की युनियनचं काम केल्याबद्दल बेकायदा काढून टाकलेल्या, पण कागदपत्रं नसलेल्या कामगाराला काढल्यानंतरच्या काळाचं वेतन मिळणार नाही. म्हणून त्या पक्षकाराला एकच ओळ पाठ करायला लावतात: केलेल्या कामाचे पैसे तुमचे आहेत. कॅलिफोर्नियाचा कायदा तर स्पष्टच म्हणतो की राज्याच्या कामगार कायद्यांच्या संरक्षणासाठी इमिग्रेशनचा दर्जा बघायचा नाही. हक्क मागितला म्हणून 'तुझं नाव कळवतो' अशी धमकी देणं, हीसुद्धा सूड उगवण्याची बेकायदा कृती मानली जाते.

कागदावरचा कायदा आणि मनातली भीती यांच्यात मात्र मोठं अंतर असतं. ते कमी व्हायला कधी तीन शनिवार लागतात, कधी तीस. काही माणसं चहा पिऊन निघून जातात, ती परत येत नाहीत.

'या साली'

एका बाईची केस मी जवळून पाहिली. मिचोआकानहून आलेली, एका रेस्टॉरंटच्या स्वयंपाकघरात भांडी आणि साफसफाई करणारी. पाळी दुपारी तीनची. रात्री दहाला मॅनेजर सगळ्यांचं हजेरीचं कार्ड पंच करून टाकायचा आणि म्हणायचा, आता आवरा. आवरायला पावणेबारा व्हायचे. पगाराच्या पावतीवर रोज सात तास.

पुरावा काय? हजेरी मालकाच्या हातात. इथे १९४६ चा सुप्रीम कोर्टाचा एक निकाल कामी येतो. मालकाने तासांची नीट नोंद ठेवली नसेल, तर कामगाराने दिलेला वाजवी अंदाज ग्राह्य धरता येतो आणि तो चुकीचा आहे हे दाखवायची जबाबदारी मालकावर येते. तरीही अंदाजाला टेकू हवाच.

बाईंनी तिला विचारलं, "रात्री निघताना तुम्ही काय करायचात?" ती म्हणाली, "मुलीला मेसेज. या साली." म्हणजे, 'निघाले'.

माझी आई मला अजून रोज विचारते, "निघालास का?" मी खुर्चीतून उठलोच. त्या रात्री तिच्या मुलीने व्हॉट्सॲपची सगळी चॅट काढून मला पाठवली आणि मी पायथॉनमध्ये चाळीस ओळींचा प्रोग्राम लिहिला. चौदा महिन्यांत 'या साली' २८० वेळा आलं होतं. सरासरी वेळ, रात्री ११ वाजून ४० मिनिटं. प्रत्येक मेसेजखाली मुलीचं उत्तर, 'ओके मामी'. नववीतली मुलगी रोज जागी राहायची.

हिशेब असा झाला. रोजचे १ तास ४० मिनिटं बिनपगारी. त्यातला पहिला तास साध्या दराने, कारण तेवढ्याने आठ तास पूर्ण होतात. उरलेली ४० मिनिटं दीडपट दराने, कारण कॅलिफोर्नियात दिवसाच्या आठ तासांनंतर ओव्हरटाइम लागतो. एकूण दोन तासांचा पगार. तासाला १८ डॉलर, म्हणजे रात्रीचे ३६. त्याचे २८० रात्रींचे १०,०८० डॉलर. जेवणाची सुट्टी न दिल्याचा रोजचा एक तास, त्याचे आणखी ५,०४०. सगळे मिळून १५,१२०.

तिथल्या लेबर कमिशनरकडे असा दावा दाखल करायला फी नाही आणि दुभाषाही मिळतो. पहिल्या तडजोडीच्या बैठकीत मालकाच्या माणसाने मेसेजची यादी पाहिली आणि तो बराच वेळ पानं उलटत राहिला. प्रकरण मिटलं. पूर्ण रक्कम मिळाली नाही, पण बरीच मिळाली. बाहेर आल्यावर ती बाई बाईंना म्हणाली, "मला वाटायचं, ही दोन मिनिटांची गोष्ट रोज चोरली जाते, ती कुठे साठत नसेल."

आधीची पिढी

बाईंचे आजोबा 'ब्रासेरो' होते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत मजूर कमी पडले, तेव्हा १९४२ साली मेक्सिकोशी करार करून शेतमजूर आणले गेले. हे १९६४ पर्यंत चाललं. सुरुवातीच्या वर्षांत मजुरीतले दहा टक्के बचत म्हणून कापले जायचे, ते मायदेशी परतल्यावर मिळायचे होते. हजारोंना ते कधीच मिळाले नाहीत. बाईंच्या आजोबांनाही नाही. "आमच्या घरातली ही पहिली केस," त्या म्हणतात, "न लढलेली."

त्यांच्या टेबलावर एका आखूड दांड्याच्या कुदळीचा फोटो आहे. तिला 'कोर्तितो' म्हणतात. दांडा फूट-दीड फुटाचा, त्यामुळे दिवसभर कमरेत वाकूनच चालावं लागायचं. मजूर उभा दिसला की काम करत नाही, हे मुकादमाला लांबून कळायचं. शेतमजुरांची पाठ त्याने कायमची मोडायची. कॅलिफोर्नियातल्या ग्रामीण भागात काम करणाऱ्या वकिलांनी मजुरांच्या वतीने हा लढा लढवला आणि १९७५ साली कोर्टाच्या निकालानंतर ही कुदळ हद्दपार झाली.

त्याच वकिलांच्या संस्थेने मुलांसाठीही एक खटला चालवला होता. स्पॅनिश बोलणाऱ्या मुलांची बुद्धिमत्ता चाचणी इंग्रजीत घेऊन त्यांना मंदबुद्धी मुलांच्या वर्गात टाकलं जायचं. १९७० साली तडजोड झाली आणि घरच्या भाषेतही चाचणी घेणं बंधनकारक झालं. माझ्या फॉर्मने त्या प्लास्टरवाल्याशी जे केलं, ते याच जातीचं होतं, हे मला उशिरा कळलं.

माझा बेंच

आता जे सांगायचं टाळत होतो ते सांगतो.

अमेरिकेत आलो तेव्हा मी एका छोट्या कन्सल्टिंग कंपनीकडून एच-वन-बी व्हिसावर आलो होतो. पहिला प्रोजेक्ट संपला आणि कंपनीने मला 'बेंच'वर बसवलं. दहा आठवडे पगार नाही. 'सगळ्या कंपन्या असंच करतात' असं मला सांगण्यात आलं आणि मी मान डोलावली. व्हिसा त्यांच्या हातात होता. आई-बाबांना फोनवर मी रोज सांगायचो, काम मस्त चाललंय. चार जणांत एक खोली, आणि रोज खिचडी.

एकदा गप्पांत मी हे बाईंना गंमत म्हणून सांगितलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "एच-वन-बीवर काम नसलं तरी कंपनीला पगार द्यावाच लागतो. हा त्या व्हिसाचा नियम आहे. तक्रार का केली नाहीस?" मी म्हटलं, आता करू? त्यांनी तारखा विचारल्या. अशा तक्रारीची मुदत बारा महिन्यांची असते. माझी केव्हाच उलटून गेली होती.

मला इंग्रजी येत होतं. नियम सरकारी संकेतस्थळावर होता, दोन क्लिकवर. मी वाचला नाही, कारण मला तो वाचायचाच नव्हता. आणि भांडी घासणारी, इंग्रजी न येणारी, कागदपत्रं नसलेली ती बाई सरकारी कचेरीत जाऊन बसली. भाषा न येणं ही एक अडचण आहे. भाषा येऊनही तोंड न उघडणं, ही दुसरी. तिच्यावर मला अजून औषध सापडलेलं नाही.

आजोबांचा कागद

गेल्या दिवाळीत वडोदऱ्याला आलो तेव्हा बाबांकडे आजोबांची मिलची कागदपत्रं मागितली. पत्र्याच्या पेटीत होती. आजोबांना मराठी आणि गुजराती उत्तम लिहिता-वाचता येत होतं, इंग्रजी नाही. माझा जन्म झाला त्या वर्षी मिलने त्यांच्याकडून एका टाइप केलेल्या इंग्रजी कागदावर सही घेतली. हिशेबाचा कागद आहे, असं त्यांना सांगितलं होतं. मी तो उघडून वाचला. चार ओळी. तिसरीत लिहिलं होतं की मी स्वखुशीने राजीनामा देत आहे.

आपल्याकडे तेव्हा लागू असलेल्या १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यानुसार कामगाराची कपात केली, तर नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांच्या सरासरी पगाराची भरपाई द्यावी लागायची. आजोबांची नोकरी २२ वर्षांची होती. पण स्वखुशीने राजीनामा देणाऱ्याला ही भरपाई नसायची. आजी जन्मभर 'घरी बसवलं' म्हणत राहिली, आणि कागद म्हणत राहिला, ते आपणहून बसले.

ज्या शहरात सयाजीराव महाराजांनी १९३१ साली 'सयाजीशासनशब्दकल्पतरू' हा राज्यकारभाराच्या शब्दांचा बहुभाषी कोश काढवून घेतला, कारभाराचे शब्द गुजराती-मराठीसह अनेक भाषांत बसवले, त्याच शहरात हे घडलं. महाराजांना जे कळलं होतं ते मिलच्या ऑफिसला नको होतं.

सॅन होजेला परतल्यावर मी फॉर्ममधलं यंत्र-भाषांतर काढून टाकलं. आता त्याऐवजी आम्ही कामगारांच्या तोंडचे शब्द आणि त्यांचे कायद्यातले अर्थ गोळा करतो. आजवर दीडशेच्या आसपास झालेत. त्या फाइलचं नाव मी 'कल्पतरू' ठेवलंय. तिथे कोणाला ते कळत नाही, पण चालतं. प्लास्टरवाल्या गृहस्थाला त्याचे पैसे, दंडासकट, चार महिन्यांनी मिळाले.

आपल्या मंडळातल्या माझ्याहून लहान भावंडांना एवढंच सांगेन. तुम्हाला तीन-चार भाषा येतात. घरात मराठी, शाळेत इंग्रजी, रस्त्यावर गुजराती, टीव्हीवर हिंदी. तुम्हाला ते काही विशेष वाटत नाही. पुढच्या वेळी आजी-आजोबा किंवा घरी कामाला येणाऱ्या मावशी एखाद्या कागदावर सही करायला बसतील, तेव्हा मोबाइल बाजूला ठेवून त्यांच्या शेजारी बसा. तो कागद त्यांना त्यांच्या भाषेत पूर्ण वाचून दाखवा, तिसऱ्या ओळीसकट.